विचारायचं राहून गेलं

वर्ध्याचं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मी सगळ्यांना विचारलं. डावीकडे भिंतीला भिंत लागून असलेल्या कापडवाल्याला विचारलं, उजवीकडच्या औषधवाल्याला विचारलं, पुण्यातल्या भावाला विचारलं, वकिलाला विचारलं. एका ज्योतिषालासुद्धा विचारलं, आणि मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कळल्यावर हसू नका. फक्त एका माणसाला विचारलं नाही. तो माणूस त्याच घरात राहत होता.

घर म्हणजे वाडाबिडा नव्हे. बाजारामागच्या जुन्या गल्लीत माझ्या वडिलांनी बांधलेलं साधं दोन मजली घर. मधे अंगण, अंगणात विहीर आणि भोवती चार बिऱ्हाडं. रस्त्याच्या बाजूला वरच्या खोल्यांत आम्ही. खाली पुढे एक शिंपी, जिन्याखाली सरकारी दवाखान्यातली नर्सबाई, आणि विहिरीमागच्या दोन खोल्यांत ज्यांना आम्ही काका-काकू म्हणायचो ते जोडपं. वडिलांचं बाजारात धान्याचं दुकान होतं. किरायेदार ठेवले तेव्हा किरायापेक्षा घर भरलेलं राहावं हा हेतू जास्त होता, असं ते म्हणायचे. किराया मात्र वेळेवर लागायचा.

काका मूळचे हिंगणीचे. बोर धरणाच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले, नोकरी करता करता मॅट्रिक झाले, कारकून झाले आणि बदली होऊन वर्ध्याला आले. त्यांचं कुटुंब जय भीमवालं. त्या काळी आमच्या गल्लीत त्यांना खोली मिळत नव्हती. खोली रिकामी असायची, नाव-गाव विचारून झालं की ती भरलेली निघायची. असे चार उंबरे झिजवून ते आमच्या दुकानावर आले. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि दुकानात शेंगदाणे खात बसले होते, त्यामुळे वडील काय म्हणाले ते मी स्वतः ऐकलं आहे. ते म्हणाले, "पगार हाये, बायको हाये, अन् माही खोली खाली हाये. अजून काय पायजे?"

गल्लीत कुजबूज झाली. एकदोघांनी वडिलांना येऊन समजावलं, वडिलांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आईचं मात्र वेगळं होतं. पहिलं वर्षभर ती पहाटे उठून विहिरीचं आपलं पाणी आधी भरून ठेवायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "सकाळी गर्दी होते." चार बिऱ्हाडांची ती काय गर्दी! पुढे ते आपोआप बंद झालं. नंतर तर आई आणि काकू उन्हाळ्यात एकाच खाटेवर कुरड्या घालायच्या आणि त्यावर राखण कोणी करायची यावरून भांडायच्या.

मात्र एक गोष्ट बंद झाली नाही. आमच्याकडे पाहुणे आले की चहाबरोबर ही हकिगत दिली जायची. कोणी खोली देत नव्हतं, आम्ही दिली. वडील कमी सांगायचे, आई जास्त, आणि सगळ्यांत रंगवून सांगायची ती मी. कॉलेजात सांगितली, सासरी सांगितली, शाळेच्या स्टाफरूममध्ये तर किती वेळा सांगितली. चाळीस वर्षं दर महिन्याला किराया ते देत होते आणि दिलं, दिलं म्हणत होतो आम्ही. पण हे गणित मी कधी मांडलं नाही.

वडिलांची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे शेत विकायचं तर आधी धुऱ्यावरच्या शेतकऱ्याला, म्हणजे बांधाला बांध लागलेल्याला, विचारायची पद्धत आहे. पुष्कळ लोक ती गुंडाळून ठेवतात. वडील ठेवत नसत. सेलूजवळचं आमचं लहानसं शेत विकलं तेव्हा ते मला घेऊन आधी धुऱ्यावरच्या माणसाकडे गेले. त्याची ऐपत नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो लाजला, नाही म्हणाला आणि आम्हाला हुरडा खायला घातला. परत येताना मी म्हटलं, बाबा, त्याला घ्यायचं नव्हतं हे माहीत होतं ना, मग कशाला गेलो? ते म्हणाले, "इचारनं आपलं काम. नाई म्हननं त्याचं."

हेच बोलणं त्यांनी काकांशीही केलं होतं. विहिरीवर पंप बसवला त्या दिवशी दोघं ओल्या धोतरा-पायजम्याने अंगणात बसले होते आणि वडील म्हणाले, "हे घर कधी इकाचं झालं, त पहिले तुले इचारीन. माह्यानंतर पोट्टे इचारतीन." पोट्टे म्हणजे भाऊ आणि मी. भाऊ तेव्हा गल्लीत क्रिकेट खेळत होता. मी तिथेच जिन्यावर काकांच्या मुलीला पाढे शिकवत होते. म्हणजे शब्द माझ्या कानांवरून गेला होता. मी तो विसरले असते तर आज थोडं सोपं गेलं असतं. मी विसरले नव्हते. बोलण्यातलं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

वडील गेले. शिंपी मुलाकडे गेला, नर्सबाई निवृत्त होऊन देवळीला गेल्या. नवे किरायेदार ठेवायची आईला हौस राहिली नाही. मग काकूही गेल्या. मी नागपूरला, भाऊ पुण्याला, आणि वर्ध्याच्या त्या एवढ्या घरात वर आई आणि खाली काका, असे दोघं उरले. आईची नजर अधू झाली तेव्हा काका रोज सकाळी पेपर घेऊन वर यायचे आणि दारातल्या खुर्चीवर बसून तिला वाचून दाखवायचे. राजकारण आईला नको असायचं. कोण वारलं ते आधी, मग जाहीर सूचना. कोणाचं शेत विकतंय, कोणाच्या घरावर कोणी हक्क सांगितला, हे ऐकायला तिला फार आवडायचं. मी महिन्यातून एकदा जायची, फळं न्यायची, काकांना "तुमच्यामुळे आम्ही निश्चिंत आहोत" असं म्हणायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. आई न्हाणीत पडली तेव्हा तिला उचलून रिक्षात घालणारे तेच होते. आम्ही दोघं पोरं पोचलो तोवर सगळं झालं होतं.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि भावाने फोनवर विषय काढला. घराला कुलूप लावून काय करायचं? मलाही ते पटलं. कुलूप कशाला लागणार होतं, घरात माणूस होता, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. दलाल ठरवला. त्याने मोबाइलवर जाहिरात फिरवली: जुन्या मोक्याच्या वस्तीत, बाजारापासून दोन मिनिटं, चार बिऱ्हाडांचं घर, बारमाही पाण्याची विहीर. फोटोत विहिरीमागच्या दोरीवर काकांचा पांढरा सदरा वाळत होता.

लोक घर बघायला येऊ लागले. काका दार उघडून द्यायचे, विहिरीत खाली किती पाणी असतं ते सांगायचे, पावसाळ्यात कुठे ओल येते तेही न लपवता सांगायचे. त्यावरून दलाल माझ्याकडे कुरकुरला. मग तो माप घ्यायला आला, त्या दिवशी मीही होते. त्याच्याबरोबर दुसरा माणूस नव्हता. काकांनी टेपचं दुसरं टोक धरलं. रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, अंगण, जिना, सगळीकडे ते वाकून टोक धरून बसत होते आणि आकडा मोठ्याने सांगत होते. माप झाल्यावर हात झटकून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं त्यांना चहाचं विचारायचं आहे. मी म्हटलं, "काका, चहा नको, गाडी चुकेल."

आता मला विचाराल की तू त्यांना घराचं का विचारलं नाहीस, तर तेव्हा माझ्याजवळ उत्तर तयार होतं. कशाला त्यांना अवघडवायचं? पेन्शनवरचा म्हातारा माणूस. विचारलं तर नाही म्हणावं लागेल, मान खाली जाईल. यालाच मी माझा समजूतदारपणा म्हणत होते आणि स्वतःवर खूश होते. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. घर घेऊ शकणाऱ्या माणसांत ते माझ्या डोळ्यांना दिसलेच नाहीत. ज्या मुलीला मी जिन्यावर पाढे शिकवले ती आज अमरावतीला पाटबंधारे खात्यात मोठी इंजिनियर आहे, वडील ज्या खात्यात शिपाई होते त्याच खात्यात. तिच्या सरकारी गाडीतून मी एकदा नागपूरला आले आहे, मागच्या सीटवर आरामात. तरीही काकांचा विचार आला की मला दिसायचा तो खोली मागायला दुकानावर आलेला माणूस. आम्ही ज्याला खोली दिली तो.

त्यांची सोय मात्र मी केली होती. स्टेशनच्या पलीकडे नव्या वस्तीत तळमजल्यावर दोन खोल्या, संडास-बाथरूम आत, मालक ओळखीचा. दोन चकरा मारून मी ती जागा शोधली आणि सांगायला कधी जाते असं मला झालं होतं.

घेणारा एक ठेकेदार मिळाला. बोलणी झाली, इसारचिठ्ठी झाली. वकील एकच, त्याचाही आणि माझाही. आमच्याकडे असंच चालतं. वकील म्हणाला, पेपरात जाहीर सूचना द्यावी लागेल, सोमवारी येईल. म्हणजे मला रविवारी जाऊन काकांना सांगायला हवं होतं. रविवारी पुतणीच्या घरी डोहाळजेवण निघालं. म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतं? मंगळवारी जाऊ.

मंगळवारी गेले तेव्हा ते विहिरीच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर आदल्या दिवशीचा पेपर, नेमक्या पानावर घडी घातलेला. मला बघून म्हणाले, "ये बाई. बस. आपल्या घराचं आलं पेपरात."

आणि मग त्यांनी ते मला वाचून दाखवलं. आईला दाखवायचे तसंच, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तमाम जनतेस कळविण्यात येते की. चतुःसीमा वाचली, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक. सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, दावा अथवा हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. वाचून झालं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मी उभीच होते. आम्ही तमाम जनतेला विचारलं होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी घाईघाईने त्या दोन खोल्यांचं सांगितलं. तळमजला, संडास आत, चढउतार नाही.

"बरं केलं," ते म्हणाले. मग विचारलं, "पानी कसं हाये तिथचं?"

पाणी कसं आहे ते मी बघितलंच नव्हतं. त्यांनी चहा केला. मी तो प्यायले आणि निघाले. गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती एरवी माझ्याशी नीट ऑफिसातलं मराठी बोलते. त्या दिवशी घरचंच बोलली.

"ताई, तुम्ही आम्हाले विचारलंच नाई."

"काय विचारायचं होतं गं?"

"घर. आम्ही घेनार होतो. बाबांनी मले तीन वर्षांपासून सांगून ठेवलं होतं, घर निघालं त आपन घेऊ. मी त्याच्यासाठी अमरावतीले फ्लॅट नाई घेतला. घरात सगळे मले येड्यात काढून राह्यले होते."

मला राग आला. अगदी खरा, डोक्यात चढणारा राग आला. चूक आपली असली की मला आधी राग येतो, माझ्या वर्गातल्या चार पिढ्यांना विचारा. मी ओरडले, "मग तोंड नव्हतं का तुम्हाला? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? एक शब्द टाकला असता तर!"

ती म्हणाली, "मी म्हटलं होतं बाबाले. ते म्हने, मायचा दुखवटा असलेल्या घरी घर मागाले जाऊ का? माह्या मालकानं शब्द देल्ला हाये. बाई विचारन. दलाल आला तवा म्हने, आता विचारन. लोक पाहाले आले तवा म्हने, आता विचारन. माप घेतलं त्या दिवशी त रात्रीचा सैपाक बी जास्तीचा केलता त्यायनं. म्हने, बाई आज थांबन."

मी फोन ठेवला. मला त्यांचं ते उभं राहणं आठवलं, हात झटकून, माझ्याकडे बघत. आम्ही दोघंही गप्प बसलो होतो, पण त्यांच्या गप्प बसण्यात आमच्या घराची लाज राखलेली होती आणि माझ्या गप्प बसण्यात काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. मी रडले. भावाला फोन केला. तो म्हणाला, आता सौदा झाला, आता काय बोलून उपयोग. पण मी एकदा हट्टाला पेटले की कोणाचं ऐकत नाही. मी सरळ ठेकेदाराकडे गेले.

त्याला घर पाडून खाली दुकानं आणि वर फ्लॅट काढायचे होते. तो नाही म्हणेल आणि निदान दोष द्यायला एक माणूस मिळेल, अशीही मनात एक आशा असावी. पण तो भला निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, चाळीस साल राह्यलेला मानूस घेत असन, त मी काऊन मधात येऊ? माहा इसार वापस करा, बात खतम. फक्त आठ दिवसांत सांगजा."

मी तिथून रिक्षाने थेट घरी आले. बैल गेला अन् झोपा केला, असं आई म्हणायची. मी म्हटलं, माझा बैल अजून गेलेला नाही, अजून आठ दिवस आहेत. वाटेत पेढे घेतले. आज त्या पेढ्यांची मला सगळ्यांत जास्त शरम वाटते.

काका दारात बसून सुपात तांदूळ निवडत होते. मी पेढ्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि एका दमात सांगितलं. काका, चूक झाली. ठेकेदार बाजूला व्हायला तयार आहे. घर तुम्हीच घ्या. बाबांचा शब्द होता, तो मी पाळते.

ते खडे वेचत राहिले. शेवटी सूप बाजूला ठेवलं.

"आता नाई बाई."

"का? रागावलात ना? मग रागवा, चार शब्द बोला, पण घर घ्या."

"राग नाई. राग कायचा?" ते म्हणाले. "तू त्या टाईमले इचारलं असतं, अन् माह्या पोरीले नसतं जमलं, अन् मी नाई म्हटलं असतं, तरी मले पुरलं असतं. घर त मले पायजेच होतं. तुही काकू इथंच गेली. पन आता घेतलं त काय होईन मालूम हाये? लोक म्हनतीन, बुढा रडला म्हनून बाईनं देल्लं."

"कोणी असं म्हणणार नाही."

"तू म्हनशीन."

ते हसले, म्हणजे रागाने नाही, लहानपणी माझं गणित चुकलं की हसायचे तसे.

"तुमच्या घरी पावना आला की माही गोष्ट होये. आमी खोली देल्ली, आमी खोली देल्ली. तुही माय सांगे, तू सांगे. वरतं बोललेलं खालतं सारं आयकू येते. तुही काकू म्हने, आपन इथून दुसरीकडं जाऊ. मी म्हनो, खोटं त नाई सांगून राह्यले, सांगू दे. पन एक गोष्ट पुरे झाली बाई. आता अजून त्याच्यावर, आमी घर बी देल्लं, हे माह्याच्यानं नाई आयकवत."

चाळीस वर्षं. प्रत्येक पाहुण्याच्या वेळी ते दोघं खाली बसून ऐकत होते. मी स्टाफरूममध्ये सांगितलेलं त्यांना ऐकू गेलं नव्हतं, एवढंच काय ते.

मी म्हटलं, "काका, मी कोणाला सांगणार नाही. शप्पथ."

"सांगशीन. तुले सवय हाये." आणि त्यांनी पेढ्यांचा डबा उघडून मला एक पेढा दिला, स्वतः एक घेतला. "हे मात्र बरं केलं. इथलाच हाये नं, बाजारातला?"

मी किती वेळ बसले आणि काय काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. विनवण्या केल्या, वडिलांची आण घातली, शेवटी त्यांच्या मुलीला फोन लावून दिला. ती बापाशी पाच मिनिटं बोलली आणि मग मला म्हणाली, "राहू द्या ताई. बाबा नाई म्हनत असले म्हंजे नाई." तीन वर्षं घर न घेता थांबलेली ती होती, आणि समजूत माझी काढत होती.

मग माझ्या डोक्याने दुसरीच वाट काढली. पंधरा दिवसांच्या मुदतीतले अजून काही दिवस बाकी होते. चाळीस वर्षांच्या किरायेदाराने वकिलाकडे नुसता एक कागद पाठवला असता, तर सगळा व्यवहार अडला असता. ठेकेदार पळाला असता, वर्ष-दोन वर्षं गेली असती, तोवर काकांचं मन वळलं असतं, निदान ते तिथेच राहिले असते. त्यांनी भांडावं, अडवावं, आमच्यावर हक्क सांगावा, असं मला मनापासून वाटू लागलं. जगात कोणत्या घरमालकिणीला असं वाटलं असेल? मी रोज फोनकडे बघायची. वकिलाचं नाव दिसलं की पहिल्या रिंगलाच उचलायची आणि तो फोन कुठल्या तरी उताऱ्यासाठी किंवा घरपट्टीच्या पावतीसाठी असायचा.

बाराव्या दिवशी काकांनी खोल्या रिकाम्या केल्या. मला कळवलं नाही. त्यांची मुलगी गाडी घेऊन आली आणि त्यांना अमरावतीला घेऊन गेली. मी शोधलेली ती तळमजल्याची जागा त्यांनी बघितलीसुद्धा नाही. कापडवाल्याने मला फोनवर सांगितलं की जाताना काकांनी दोन्ही खोल्या धुऊन काढल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन, येतो म्हणून सांगितलं. ज्या घरांनी एकेकाळी खोली भरली आहे म्हणून सांगितलं होतं, त्या घरांनाही. हिंगणीला त्यांचं आता कोणी नाही. सत्तरी उलटलेला माणूस, ज्याचं सगळं गाव म्हणजे ती गल्ली, तो अमरावतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कसे दिवस काढतो ते मला माहीत नाही. फोन केला की मुलगी म्हणते, बरे आहेत. एकदा म्हणाली, सकाळी पेपर मोठ्याने वाचतात, आम्ही सगळे घाईत असतो.

मुदत संपली. रजिस्ट्रीच्या दिवशी भाऊ पुण्याहून आला. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसून वकील एकेक कागद माझ्या हातात देत होता आणि मी न वाचता सह्या करत होते. एक कागद मात्र त्याने सही न मागता दाखवला. म्हणाला, हे नुसतं बघून ठेवा, फाइलला लावायचं आहे. किरायेदार जायच्या आदल्या दिवशी स्वतःहून ऑफिसात आले होते. मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. विचारत होते, बाईचं काम माह्यामुळं अडून त नाई ना राह्यलं?

तो छापील नमुना होता, रिकाम्या जागा भरलेला. मी खाली लिहून देणार, राहणार वर्धा, सदर घरात किरायाने राहत असून. मी वाचत गेले. सदर घर विकण्यापूर्वी मालकांनी मला रीतसर विचारले असून, घर घेण्याची माझी इच्छा नसल्याने माझी कोणतीही हरकत नाही. खाली त्यांची सही, सरळ रेषेत, कारकुनी वळणाची. आयुष्यभर त्यांनी न वाचता कशावरही सही केलेली नव्हती.

"ताई, तुम्ही यांना आधीच विचारून ठेवलं, हे फार चांगलं केलं," वकील म्हणाला. "नाहीतर असे जुने किरायेदार लय तरास देतात."

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं आणि पुढच्या कागदावर सही केली.